पाण्याला दोन गुण

हिवाळे मॅडमशी मला कधीच भाव करता आला नाही, हा माझा त्यांच्यावरचा पहिला राग. दुसरा मोठा आहे, तो ओघात येईलच. पण लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ज्या बाईवर मी इतकी वर्षं चिडून आहे, तिच्याविषयी दुकानात कोणी वाकडं बोललं तर मला सहन होत नाही. परवाच एकाला मी काट्यावरून उठवून लावलं. घरी आल्यावर वाटलं, हा राग जर खरा असता तर त्या माणसाला चहा पाजला असता.

मी लोणारजवळच्या बीबी गावात सोयाबीन, तूर, हरभरा घेतो. याच गावात दुसऱ्याच्या आडतीवर पाठीवर पोती वाहिली, मग मापारी झालो, मग स्वतःचा काटा टाकला. या धंद्यातला एक नियम मला कोणी शिकवला नाही, तो पाठीनंच शिकवला. समोरच्याच्या मालाला चांगला म्हणायचं नाही. दाणा मोत्यासारखा असला तरी तोंड वाकडं करायचं. कचरा लई हाय, डागी हाय, वल्ला हाय. चांगला म्हटला की भाव आपल्या हातातून गेला. हे इतकी वर्षं केलं की माझी बायको सुमन म्हणायची, "एखांद्या दिवशी तुमी माह्या हातच्या भाकरीलेबी वल्ली म्हणान आन् भाव पाडान."

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा हंगाम भरात होता. अंगणात सोयाबीनचे ढीग लागलेले, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत उभे. त्या गर्दीत एक बुटक्या बाई, सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाल्या, दोन किलो सोयाबीन पाहिजे. मी सकाळपासून क्विंटलमध्ये बोलत होतो. मला वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी विचारलं, हे पोतं कोणाच्या शेतातलं, कोणतं वाण, केव्हा काढलं. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दोन किलो पाहिजे, पण याच पोत्यातलं. मी चिडून दीडपट भाव सांगितला. त्यांनी पैसे काढून दिले. मला राग आला. भाव न करणारं गिऱ्हाईक म्हणजे ते आपल्याला मोजतच नाही, असं मला वाटतं.

त्या लोणारच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मूळ गाव रोहिणखेड, लग्न केलं नाही, याहून जास्त मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

त्या पैसे देत होत्या तेवढ्यात एका शेतकऱ्याचा माल आला. मी सवयीनं एक दाणा दाताखाली धरला, फोडला, जिभेवर फिरवला आणि ओल किती आहे ते सांगितलं. मॅडम थांबल्या. मूठभर दाणे मागून घेऊन गेल्या. आठवड्यानं परत आल्या आणि म्हणाल्या की कॉलेजात वाळवून, वजन करून पाहिलं, तुम्ही सांगितलं तेवढीच ओल निघाली. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमची जीभ मले पायजे."

सुमन गल्ल्यावर बसली होती. ती म्हणाली, "घेऊन जा बाई. घरी तिचा लई तरास हाय."

दोघी हसल्या. माझ्याविना त्यांची मैत्री तिथंच जमली.

मला नेमकं काय काम आहे हे कळलं ते लोणारच्या तळ्यावर. त्यांना गाळ आणायचा होता आणि कॉलेजची गाडी नव्हती. सुमन म्हणाली, आपली पिकअप न्या. वनखात्याची परवानगी त्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलेली होती. कोणी विचारलं नाही तरी त्या ती काढून दाखवायच्या. आम्ही विवरात उतरलो. तळ्याकाठी तो वास येतो, कुजलेल्या अंड्यासारखा. मी नाकाला रुमाल लावला, मॅडम मात्र एखाद्या ओळखीच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखा श्वास घेत होत्या. त्यांची ती सवयच होती. कोणतीही वस्तू पाहण्याआधी त्या तिचा वास घ्यायच्या.

वर येताना दम लागला म्हणून एका दगडावर बसलो. तिथं त्यांनी सांगितलं. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ घालता ना, प्रथिन म्हणजे तशी एक लांबच लांब माळ, गुंडाळून ठेवलेली. डाळीत आहे, सोयाबीनात आहे. ती आख्खी अंगी लागत नाही. पोटात तिला तोडणाऱ्या कात्र्या असतात. त्या कात्र्यांना एन्झाइम म्हणतात आणि तोडलेल्या तुकड्यांना पेप्टाइड, हे शब्द त्यांनी नंतर सांगितले. आधी माळ आणि कात्री.

गंमत पुढं होती. आख्खी माळ कडू लागत नाही. एकेक मणी सुटा केला तर तोही फारसा लागत नाही. अर्धवट तुटलेले तुकडे मात्र कडूजहर. माळ गुंडाळलेली असते तेव्हा काही मणी आत तोंड लपवून बसलेले असतात. मधूनच तोडलं की ते उघडे पडतात आणि जिभेला डसतात. ज्यांचं पोट स्वतः काही तोडू शकत नाही अशा आजाऱ्यांना आधीच तोडलेलं प्रथिन द्यावं लागतं, आणि ते इतकं कडू असतं की आजारी माणूस ओठ मिटून घेतो. मधून कचाकचा तोडणाऱ्या कात्र्या हव्या तितक्या मिळतात, त्या म्हणाल्या. त्यांना हवी होती ती टोकापासून एकेक मणी सोडवत नेणारी. तशी कात्री बनवणारा एक जिवाणू त्यांना या तळ्याच्या खारट, साबणासारख्या पाण्यात सापडला होता. त्याचं त्यांनी जे नाव ठेवलं होतं ते फक्त अक्षरं आणि आकडा होतं, पण ते घेताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

"घाई केली की मधूनच तुटते," हे त्यांचं रोजचं वाक्य. मुलांना म्हणायच्या, शिपायाला म्हणायच्या. मी ड्रायव्हरवर ओरडलो की मला म्हणायच्या, "तुमी मधून तोडणारे, भाऊ."

तर माझं काम होतं चाखण्याचं. कडूपणा मोजायला यंत्र नव्हतं, माणसांच्या जिभाच होत्या. कॉलेजातले चारपाच जण आणि मी. सकाळची वेळ, उपाशीपोटी. आदल्या दिवसापासून तिखट बंद. ठेचा, लोणचं, सगळं बंद. शिपायाला तंबाखूचा खर्रा सोडायला लावला तेव्हा तो म्हणाला, मॅडम, हे तर माझ्या बायकोला पंधरा वर्षांत जमलं नाही. मॅडम स्वतः त्या आठवड्यात दूध-भाकर खाऊन राहायच्या. मग कोमट पाण्यानं चूळ भरायची, चिमूटभर मुरमुरे चावायचे, पुन्हा चूळ. समोर सारखे पांढरे कागदी कप, प्रत्येकावर एक अक्षर. एक घोट तोंडात घोळवायचा, गुण सांगायचे. शून्य म्हणजे कडू नाहीच, दहा म्हणजे कडुनिंबाचा पाला. आणि लगेच बेसिनमध्ये थुंकायचं. मॅडम मागं उभ्या राहून प्रत्येकाला सांगायच्या, "गिळू नका, थुंका."

एकदा शिपायानं बोलण्याच्या नादात घोट गिळला. मॅडमचा चेहरा उतरला. त्याला संध्याकाळपर्यंत समोर बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेल्या. त्याला काही झालं नव्हतं. उलट भूक चांगली लागली म्हणाला. आम्ही महिनाभर हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, कपांचा उतरता-चढता क्रम तुमचा सगळ्यांत बरोबर आहे, पण गुण मात्र प्रत्येक वेळी जास्त. मग विचारलं, "ब कपाले किती देले?"

"दोन," मी म्हणालो. "जरा कडवट हाये. जिभेच्या मागच्या अंगाले."

"ते पाणी व्हतं, भाऊ. उकळून गाळलेलं नुसतं पाणी."

चाखणाऱ्यांतला कॉलेजचा ग्रंथपाल तोंडावर हात ठेवून हसला. मी भडकलो. म्हणालो, माझी जीभ खोटी म्हणता का, मग बोलावलं कशाला. मी उठलोच होतो.

"जीभ खरी हाये तुमची," मॅडम म्हणाल्या. "तोंड खोटं हाये. जीभ सांगते चांगला, आन् तोंड म्हणते वल्ला. बसा."

मी बसलो. मला काढून टाकायला त्यांना सोपं होतं. पण तेव्हापासून त्या माझ्या कपांत न सांगता एक पाण्याचा कप ठेवायच्या. मी कितीही जपलं तरी तोंडातून दोनच निघायचं. कोणत्याही मालाला एकदम शून्य म्हणजे बिनदोष म्हणणं माझ्या अंगातच नव्हतं. मॅडम मग माझ्या सगळ्या गुणांतून दोन वजा करायच्या. पोत्याचं वजन, माती, काडीकचरा धरून आम्ही मालातून कापतो त्याला कडता म्हणतात. तो शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. "तुमचा कडता कापला," म्हणायच्या आणि पुढचा कप सरकवायच्या.

असं तीन हंगाम चाललं. दर बैठकीला तुकडे लहान होत गेले, कडूपणा उतरत गेला. एका सकाळी एका कपाला मी तीन दिले. मॅडमनी कडता कापला, एक उरला. इतरांचेही तसेच होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आम्हाला पेढे दिले, चाखणं संपल्यावर.

त्याच पावसाळ्यात सुमनचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणालो, मग गॅस. संभाजीनगरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी स्वादुपिंड म्हटलं. मॅडम सोबत होत्या, सुमननंच त्यांना बोलावलं होतं. डॉक्टरांनी मला आणि मॅडमना आत घेतलं आणि काही लपवलं नाही. गाठ आहे, यकृतापर्यंत गेली आहे, आता हातात फार नाही. आणि जी ग्रंथी अन्न तोडणाऱ्या कात्र्या बनवते तीच बिघडल्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही. कॅप्सूल दिल्या, त्यांनी थोडं भागेल म्हणाले. एक डबा लिहून दिला, आधीच तोडलेल्या प्रथिनाच्या पावडरीचा. त्यानं आजार हटणार नाही, ताकद थोडी टिकेल. आम्ही दोघांनी हे ऐकलं आहे. दोघांनी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं मी असा वागलो की जणू ऐकलंच नव्हतं.

घरी येऊन पावडर कालवली. सुमननं एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. मी चाखून पाहिली. नऊ. त्यात कडता नव्हता.

ती रोज घोटभर घ्यायची, ओकायची, पुन्हा घ्यायची. एकदा ग्लास खाली ठेवून म्हणाली, "मराचं तं हायेच. पण तोंड कडू ठेवून काऊन मराचं?"

तिनं दुसरं काही मागितलं नाही. माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून वस्तू सोडवून घेतल्या, एवढं आणता येऊ नये? आणि ती वस्तू कुठं आहे हे मला माहीत होतं. लोणारला, मॅडमच्या खोलीत, फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बाटलीत.

मी गेलो. मॅडम एकट्याच होत्या. मी बाटली मागितली. त्या म्हणाल्या, "ते खायाचं नाही, भाऊ."

"शिपायानं पेलं. मेला का?"

"एक घोट व्हता. वहिनीले रोज लागन. त्या जिवाणूनं त्यात अजून काय काय सोडलं असन ते मले माहीत नाही. तपासलंच नाही अजून. त्यायच्या यकृताची हालत तुमी ऐकली हाये."

"मंग तपासा."

"वरीस लागते."

मग मी तेच केलं जे मला येतं. अर्धी बाटली म्हणालो. एक कप म्हणालो. एक चमचा. माझ्या जबाबदारीवर, स्टँपवर लिहून देतो म्हणालो. डॉक्टरांची चिठ्ठी आणतो म्हणालो. माझ्या उभ्या हयातीत समोरचा माणूस इतक्या पायऱ्यांत कुठं तरी थांबतो. त्या पहिल्याच पायरीवर उभ्या होत्या. फ्रीजला पाठ लावून. त्यांचं डोकं फ्रीजच्या वरच्या कडेपर्यंतही पोचत नव्हतं. मी टेबलावरचे कागदी कप हातानं उधळून दिले.

"माही आई असती तरी नसतं देलं," त्या म्हणाल्या.

"तुमची आई मरून राह्यली का?"

"नाही. म्हणून तं तुमच्यापरीस मले नीट दिसते."

मी त्यांना नको ते बोललो. ते इथं लिहीत नाही. कप गोळा करायलाही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं त्या बीबीला आल्या. हातात थर्मास, पिशवीत बर्फ आणि स्वतःचा चमचा. मी दुकानातून उठलो नाही. त्या सरळ आत सुमनपाशी गेल्या. आणि मग रोज. कॉलेज सुटलं की एसटी, आमचं घर, शेवटच्या गाडीनं परत. त्या डब्यातल्या पावडरीशी त्यांनी सगळे खेळ केले. बर्फात थंड करून, मिठाचा कण टाकून, चिंचेच्या कोळात, जिऱ्याच्या पाण्यात. प्रत्येक वेळी आधी स्वतः एक घोट, डोळे मिटून, मग सुमनला. सुमनच्या अंगात उठायची ताकद नव्हती, पण मॅडम गुण विचारायच्या आणि ती द्यायची. आठ. साडेसात. "आजचा माल जरा बरा हाय," म्हणायची, माझी नक्कल करून.

पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली. आमच्या आत्याबाई तेव्हा घरी येऊन राहिल्या होत्या. त्यांनी मॅडमना चहा द्यायला मोरीजवळच्या फळीवरून एक वेगळा कप काढला, कान तुटलेला. तो कप कोणासाठी वेगळा असतो हे आमच्या घरात कोणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत असे. मी दारात होतो. मी पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. सुमन पडल्या पडल्या म्हणाली, "तो मले द्या, आत्याबाई. हलका हाय, माह्या हाताले पेलते. बाई, तुमी माह्या कपानं घ्या." शेवटपर्यंत ती त्याच कपातून प्यायली. मी नुसता दारात उभा होतो. आमच्या घरात जे बोलायचं ते नेहमी मीच बोलायचो, आणि त्या दिवशी मला शब्द सापडला नाही.

कडूपणा फारसा कमी झाला नव्हता. मी मॅडम गेल्यावर उरलेलं चाखून पाहायचो. सुमन त्यांचं मन राखायला प्यायची, असं माझं मत आहे. मी तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तुमी नका रागवू त्यायच्यावर. आपल्या माणसाले नाही म्हणायले लई ताकद लागते. तुमाले काय माहीत, तुमी तं सगळ्यायलेच नाही म्हणता."

दिवाळीच्या आधी ती गेली.

तिसऱ्या दिवशी लोक बसायला आले होते. मॅडम आल्या, बायकांच्या कडेला बसल्या. कोणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, काही इलाज उरला नव्हता. आणि मी सगळ्यांसमोर बोललो. "इलाज व्हता. ह्यायच्या फ्रीजात व्हता. देला नाही."

 मॅडम काही बोलल्या नाहीत. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनाही माहीत होतं. एक वाक्य बोलल्या असत्या तर मी खोटा पडलो असतो. त्या उठल्या, माझ्याकडं न पाहता बाहेर गेल्या. आत फळीवर त्यांचा चमचा राहून गेला.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. सोयाबीन दुसऱ्या कोणा आडत्याकडून घेऊ लागल्या असं कळलं, तेव्हा मला त्याचाही राग आला. मी तो राग सांभाळून ठेवला, लोक चांगला माल गोदामात ठेवतात तसा, पुढं भाव येईल म्हणून. वर्षं गेली. माल अधूनमधून उघडून पाहावा लागतो, नाही तर आतून पोखरला जातो. मी कधी उघडला नाही. चमचा तेवढा दर दिवाळीला घासून पुन्हा फळीवर ठेवायचो. कशासाठी, ते मला विचारू नका.

या उन्हाळ्यात मॅडम आल्या. निवृत्त झाल्याचं ऐकलं होतं. केस पांढरे, बूट तेच. दुकानात माणसं होती. त्या काट्याच्या बाजूला बाकावर बसल्या आणि सगळी जाईपर्यंत बसून राहिल्या. मीही मुद्दाम वेळ काढला. मग उठून त्या समोर आल्या, पिशवीतून थर्मास आणि दोन कागदी कप काढले, आणि शहरातल्या प्रयोगशाळेचा कागद माझ्यापुढं ठेवला. तपासलेलं आहे, म्हणाल्या. माणसाला पिता येतं. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात आजाऱ्यांना द्यायला सुरुवात झाली आहे.

मी विचारलं, तळ्यातल्या जिवाणूचं का. त्यांनी मान हलवली. जिवाणू फ्रीजमध्ये आहे, म्हणाल्या, बंद. हे दुसऱ्याच कात्रीनं केलं. सोयाबीन आंबवायला पूर्वेकडच्या देशांत लोक पिढ्यान्पिढ्या एक बुरशी वापरतात, खायच्या वस्तूत चालते ती. तिच्यातही टोकापासून सोडवणारी कात्री असते. तीच घेतली.

मग त्या थांबल्या. बोलताना माझ्याकडं नाही, काट्याकडं पाहत होत्या.

"त्या दिवशी तुमी बाटली मागतली, मी नाही म्हणाली. ते बराबरच व्हतं. आजबी नाहीच म्हणीन. पण ह्या बुरशीचं मले तवाच माहीत व्हतं, भाऊ. तवाच धरलं असतं तं शेवटचे दोन महिने तरी वहिनीचं तोंड कडू नसतं राह्यलं. मी तिकडं पाह्यलंच नाही. मले माह्या तळ्यातलाच जिवाणू पायजे व्हता. त्याच्या शोधावर माह्यं नाव व्हतं."



इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते माझ्यासमोर काट्यावर पडलं होतं. मी बरोबर होतो. थोडा का होईना, बरोबर होतो. धंद्यात समोरचा असा स्वतःहून खाली आला की मी त्याला सोडत नाही. मी तोंड उघडलं, आणि मला तिसऱ्या दिवसाची बैठक आठवली, गप्प बसलेल्या मॅडम आठवल्या, मोरीजवळची फळी आठवली. त्यांनी आपली चूक स्वतः तोलून आणून माझ्यापुढं ठेवली होती. माझ्या चुकीला त्यांनी आजवर हातही लावला नव्हता. ती कोणाच्या काट्यावर चढायची बाकी होती, ते मला माहीत होतं.

मी कागदी कप बाजूला सारले, आत घरात गेलो आणि दोन कप घेऊन आलो. एक सुमनचा. दुसरा तो कान तुटलेला. सुमनचा मॅडमपुढं ठेवला. तुटक्या कानाचा मी घेतला. त्यांनी कपांकडं पाहिलं, मग थर्मासाचं झाकण उघडलं, आधी वास घेतला, आणि ओतलं.

मी नळावर जाऊन चूळ भरून आलो. सवय जात नाही.

"गिळू?" मी विचारलं.

"गिळा," त्या म्हणाल्या.

गार होतं. उकडलेल्या सोयाबीनचा पुसटसा वास, बस. मी घोट जिभेवर फिरवला, मागच्या अंगाला नेला, गालात धरला. शोधत राहिलो. काही सापडलं नाही. गिळला. मॅडम माझ्या तोंडाकडं पाहत होत्या, पूर्वी बेसिनपाशी पाहायच्या तशा. मला म्हणायचं होतं की चूक तुमची नव्हती. मला म्हणायचं होतं की त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. तोंडातून निघालं ते एवढंच.

"दोन."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "कडता कापू?"

"कापा," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली आणि आपला कप संपवला. शेवटी दोन्ही कप उचलून त्याच नळावर नेले, विसळून काट्यावर शेजारी शेजारी पालथे ठेवले. मी आतून चमचा आणून दिला. त्यांनी तो घेतला, पदरानं पुसला, पिशवीत टाकला, आणि लोणारच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघाल्या. बूट घातलेली ती बुटकी बाई ट्रॅक्टरांमधून वाट काढत स्टँडकडं जाताना मला दिसली, मग एक ट्रक मधे आला.

जे बोलायचं होतं ते माझ्यापाशीच राहिलं आहे. दुकान बंद करेपर्यंत मी पाणी प्यायलो नाही. तोंड अजिबात कडू नव्हतं. सुमननं एवढंच मागितलं होतं.